पिवळं ते तुमचं

कमलाकरराव रोज सकाळी सहा बादल्या पाणी ओतून स्कूटर धुतात, ही बातमी तालुक्यातल्या चौथीच्या पोरापोराला मी मुद्दाम पोचवली, असं आमच्या सोसायटीत अजून काही जण मानतात. साफ खोटं आहे. मला गणितात घालायला एक नाव हवं होतं आणि नेमके त्याच वेळी खिडकीखाली कमलाकरराव स्कूटर धूत होते. माझा गुन्हा एवढाच. बाकीचं सगळं आपोआप झालं.

नीट सांगतो. मी अवधूत पोतनीस. पनवेलच्या एका शाळेत बावीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळतोय. दोन हजार सोळा साली आम्हा मास्तरांना तंत्रस्नेही करायची टूम निघाली. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिले दोन दिवस प्रोजेक्टर चालू व्हायची वाट बघण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. माझं मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. आमच्या सौ., किशोरी, म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला मोबाइलचा गजर कुठे बंद करता येतो?"

त्या प्रशिक्षणात माझ्या बाकावर निशा नाखवा मॅडम होत्या. मूळच्या उरणच्या कोळ्यांच्या. आपट्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरवाडी आहे, तिथली शाळा त्या एकट्या चालवतात. एक खोली, अकरा मुलं आणि घंटा म्हणून टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला.

"सर, गणपतीच्या सुट्टीनंतर साहेब येणार हाय पाहणीला. पट तर कमीच हाय. त्यात मुलांना काय येत नाय असं लिहिलं, की शाळा बंद. मग पोरांनी मोठा रस्ता ओलांडून तीन किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. जातील का? नाय जाणार. दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर जातील, ती कायमचीच."

"पण येत नाही का त्यांना?"

"येतं वो! तोंड नाय उघडत. मागच्या चाचणीत विचारलं होतं, मॉलमधला सरकता जिना एका मिनिटात किती माणसं वर नेतो. आमच्या शुक्रीनं साधा जिना बघितला नाय, ती सरकत्या जिन्याचं काय सांगेल? सर, तुमी तर तंत्रस्नेही. मला असं काय तरी करून द्या, की त्यात मला आमच्या वाडीचं घालता येईल."

खरं सांगू? मला भरून आलं. बावीस वर्षांत मला कोणी काही करायला सांगितलं असेल तर ते जनगणनेचं नाहीतर मतदार यादीचं. "मॅडम, ती अकरा मुलं माझी," असं मी बोलून गेलो आणि फोन ठेवल्यावर कॉम्प्युटर कुठल्या बटणाने सुरू होतो ते शोधायला लागलो.

पंधरा दिवस खपून मी गणिताची बारा शाब्दिक उदाहरणं केली. कल्पना माझी स्वतःची. उदाहरणाचा सांगाडा पक्का, पण त्यातली नावं, वस्तू, आकडे पिवळ्या रंगात. पिवळं ते तुमचं, बाकीचं माझं. ओवे गावच्या बाईंनी पिवळ्या जागी भाताच्या पेंढ्या घालाव्यात, कामोठ्याच्या सरांनी रिक्षा, उरणच्यांनी बोंबील. पहिलं उदाहरण असं होतं: 'कमलाकर काका स्कूटर धुण्यासाठी रोज ६ बादल्या पाणी वापरतात, तर आठवड्याला किती बादल्या?' पुढे कंसात सूचना: 'येथे आपल्या परिसरातील व्यक्तीचे नाव घालावे.' आणि अगदी तळाला, जाड अक्षरात, 'निर्मिती : अवधूत पोतनीस'. ते मात्र पिवळं केलं नव्हतं. इतका काही मी संत नाही.

फाइल निशा मॅडमना पाठवली आणि सगळ्या शिक्षकांना मोफत मिळावी म्हणून एक ब्लॉग काढून त्यावरही चढवली. आठ दिवसांत ब्लॉगला चार भेटी झाल्या. त्यातल्या तीन माझ्या आणि एक किशोरीची, तीही चकलीची भाजणी शोधताना चुकून. शिक्षकांच्या ग्रुपवर दुवा टाकला तर फुलांच्या सुप्रभातांमध्ये सात अंगठे आले, आणि एका सरांनी 'निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा' दिल्या. मला अजून अकरा वर्षं नोकरी होती.

मग निशा मॅडमचा फोन. "सर, फाइल उघडली, पण नुसते चौकोन दिसतात. एक अक्षर वाचता येत नाय. मधे मधे पिवळं दिसतं तेवढंच."

हे फॉन्टचं लफडं होतं, एवढं मला कळलं. त्यावर करायचं काय, ते कळलं नाही. पण फ्रेम केलेलं प्रमाणपत्र समोर भिंतीवर असताना तसं बोलवेना. "बघतो मी," असं भारदस्त आवाजात सांगितलं, "तुम्ही फक्त लक्षात ठेवा, पिवळं ते तुमचं." आणि फोन ठेवला. ते बघायचं नंतर राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, विसरलो. लाज वाटते, पण तसंच झालं.

विसरायला कारण घडले कमलाकरराव. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं परिपत्रकांचे मसुदे करून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणंसुद्धा वरून खाली सुटसुटीत परिच्छेदांत येतं. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी फाइलचा छापील कागद मागून घेतला. पहिल्या दोन ओळी पाहिल्या, शेवटच्या दोन पाहिल्या आणि कागद परत दिला.

"पोतनीस, हा कागद कोण वाचणार? याला जावक क्रमांक कुठाय? विषय नाही, संदर्भ नाही. बिनडोक्याचा कागद आहे हा."

"पण मजकूर कसा वाटला?"

"मजकूर मी कधीच वाचत नाही हो. एकतीस वर्षांत वाचला नाही. कागद वरून आणि खालून पक्का असला, की मधे काहीही असू द्या."

त्यांनी स्वतः बसून वरचा भाग करून दिला. जा. क्र. १/२०१६. विषय : शाब्दिक उदाहरणे उपलब्ध करून देणेबाबत. संदर्भ : दूरध्वनीवरील चर्चा. मधल्या पहिल्या ओळीत आपण स्वतः स्कूटर धूत आहोत, याचा त्यांना पत्ताही नव्हता. मला होता. पण त्यांनी इतक्या आपुलकीने संदर्भ घातला होता, की तेव्हा ते सांगणं बरं दिसलं नसतं.

आणि काय सांगू महाराजा, कागद उडाला! संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी 'तात्काळ' असं लिहून पुढे पाठवला. चौथ्या दिवशी मला पेणहून एका अनोळखी बाईंचा फोन आला, "सर, तुमचं परिपत्रक मिळालं, अंमलबजावणी सुरू केली." मी आठवडाभर हवेत होतो. मंडईत भाजी घेतानाही चार लोक ओळखतील म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून जात होतो.

पण घोटाळा आधीच झालेला होता. जावक क्रमांक असलेल्या कागदात आमच्याकडे कोणी काना-मात्रा बदलत नाही. बदलला तर विचारणा होते. तेव्हा सगळ्यांनी तो जसाच्या तसा छापला, वर झेरॉक्स काळी-पांढरी, त्यामुळे पिवळं कोणाला दिसलंच नाही. मी कामोठ्याच्या एका शाळेत मोठ्या हौशीने गेलो, तर पस्तीस मुलांनी पस्तीस वह्यांत एकच उत्तर लिहिलेलं: 'कमलाकर काका येथे आपल्या परिसरातील व्यक्तीचे नाव घालावे आठवड्याला ४२ बादल्या पाणी वापरतात.' वर बाईंची बरोबरची खूण.

"बाई, इथे बदल करायचा होता," मी म्हटलं.

"करू की सर," बाई म्हणाल्या. "बदल काय करायचे त्याची यादी पाठवा ना."

मी घरी येऊन सगळ्यांना खुलासा पाठवला, की बदल करणं अपेक्षित आहे, आवश्यक आहे, बंधनकारक आहे. त्यावर एकोणीस फोन आले. बदलाचा तक्ता कोणता? बदल केल्याचा अहवाल किती प्रतींत द्यायचा? एका सरांनी तर लेखी विचारलं, की आमच्या गावात कमलाकर नावाचे गृहस्थ नाहीत, तर निरंक अहवाल चालेल का. मी डोकं धरून बसलो.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. कमलाकररावांची मुलगी कामोठ्यात राहते आणि नात चौथीत आहे. नात रविवारी आली आणि भर जिन्यात मोठ्याने विचारती झाली, "आजोबा, तुम्ही खरंच बेचाळीस बादल्या पाणी ओतता?" त्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक दिवसाआड पाणी होतं आणि टाकीची किल्ली कमलाकररावांकडे होती. जिन्यात बी विंगच्या तीन बायका उभ्या होत्या. पुढचं मी सांगायला नको.

संध्याकाळी माझ्या दाराच्या फटीतून नोटीस आली. जा. क्र. ७/२०१६. विषय : सदस्याच्या नाहक बदनामीबाबत. संदर्भ : आपले जा. क्र. १/२०१६. मी खाली गेलो. दार उघडेना. "कमलाकरराव, मला फक्त एक नाव हवं होतं!" मी बंद दाराला सांगितलं. आतून आवाज आला, "लेखी द्या." दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटर इमारतीच्या मागच्या बाजूला नेऊन धुवायला लागले.

"चांगल्या शेजाऱ्याशी वाकडं घेतलंत," किशोरी म्हणाली. "आणि ज्या बाईंसाठी एवढं केलंत, त्यांचं काय झालं?"

मला तो चौकोनांचा फोन आठवला. लगेच फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. आणि बरोब्बर तेव्हाच दुसराच एक फोन आला. विस्तार अधिकारी उदयसिंह साहेब. कोल्हापूरकडचे.

"गुरुजी, तुमचं परिपत्रक लई गाजतंय! उद्या त्या आपट्याकडच्या वाडीवर पाहणीला चाललोय, तुम्ही बी चला. तुमचीच मंजूर प्रत घेऊन पोरांना विचारतो. आलं तर आलं, नाही तर शाळेचा तिथंच निकाल लावून टाकतो."

ती प्रत मंजूर कोणी केली, देव जाणे. पण मला एकच गोष्ट दिसत होती. उद्या त्या अकरा मुलांची परीक्षा माझ्या कागदावर होणार आणि त्यांच्या बाईंना त्या कागदातलं एक अक्षरही वाचता आलेलं नव्हतं. माझ्यामुळे. सकाळी जीपमध्ये मी तीनदा तोंड उघडलं. "साहेब, त्या मॅडमना जरा फाइलची..." पण साहेब फोनवर. मग फोन संपला, तेव्हा आपण तंत्रस्नेही असल्याचं आठवून मीच गप्प बसलो. आपटा मागे पडलं, पाताळगंगा मागे पडली. माझा मान आणि ती शाळा, यांतलं एकच वाचणार आणि मी आपला मान धरून बसलोय, हे मला कळत होतं. तरी बसलो होतो.

वर्गात अकरा मुलं ताठ बसलेली. निशा मॅडमनी साडीचा पदर घट्ट खोचलेला. साहेबांनी प्रत उघडली आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला उठवलं. "नाव काय? शुक्री? बरं. कमलाकर काका स्कूटर धुण्यासाठी रोज सहा बादल्या पाणी वापरतात..."

शुक्रीने साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. साहेबांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. कोणी हूं की चूं नाही. साहेबांनी डायरी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. निशा मॅडमचे डोळे भरून आलेले मला माझ्या जागेवरून दिसत होते.

मी उभा राहिलो. "साहेब, थांबा. चूक माझी आहे. मॅडमना माझी फाइल उघडलीच नाही. नुसते चौकोन दिसत होते. त्यांनी मला सांगितलं होतं. मी बघतो म्हणालो आणि विसरलो. खरं म्हणजे मला ते दुरुस्त करता येत नव्हतं. मला काही येत नाही साहेब. लिहायचं तर माझ्याबद्दल लिहा, या मुलांबद्दल लिहू नका."

बावीस वर्षांत मी वरिष्ठांसमोर इतकं सलग कधी बोललो नव्हतो.

"पण सर," निशा मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमी सांगितलं ना, पिवळं ते तुमचं? तुमचं सगळं चौकोन झालं. पिवळं तेवढं राहिलं. मंग आमी सगळंच आमचं केलं." आणि त्यांनी एक हाताने लिहिलेला कागद पुढे केला.

साहेबांनी तो माझ्या प्रतीशेजारी धरला. "यात खेकडे आहेत. मूळ प्रतीत खेकडे नाहीत."

"मुठे," मागून कोणीतरी म्हणालं.

साहेबांनी वाचलं. "अंकुशने ओढ्यात सात मुठे धरले. दोघांची एक-एक नांगी तुटली. तर सगळ्यांचे मिळून पाय किती? हं. सांग गं पोरी."

"अडुसष्ट," शुक्री म्हणाली. ताडकन.

साहेबांनी मनात हिशेब केला. "आठ पाय, सात खेकडे, छप्पन्न. दोन गेले, चोपन्न. चूक."

"चूक नाय," शुक्री म्हणाली.

विस्तार अधिकाऱ्याला चूक नाय म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते चौथीत होतं.

"खेकड्याला आठ पाय असतात," साहेब म्हणाले.

"दहा!" अख्खा वर्ग उठला. "नांग्या धरून दहा! नांगी पण पायच हाय!" "नांगीनं चालतो का?" "चालत नाय, पण मोजायची!" मघाशी दगड झालेली अकरा मुलं एकदम बोलायला लागली. काळू नावाचा पोरगा धावत जाऊन कोपऱ्यातला पत्र्याचा डबा घेऊन आला आणि त्यातला जिवंत मुठा त्याने थेट टेबलावर, साहेबांसमोर ठेवला.

"हे काय?" साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"शैक्षणिक साहित्य, साहेब," निशा मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा लावला आणि लांबूनच बोटाने मोजायला लागले. एक, दोन, तीन. नवापर्यंत आले आणि मुठ्याने दहाव्या पायाने, म्हणजे नांगीने, जा. क्र. १/२०१६ चा कोपरा पकडला. साहेबांनी ओढला. मुठ्याने सोडला नाही. मंजूर प्रत फाटली.

"दहा," साहेब म्हणाले. "मान्य."

वर्गात जो जल्लोष झाला, तो खाली आपट्यापर्यंत गेला असेल. मग साहेब स्वतःच रंगले. आमच्या घरी दोन म्हशी आहेत, एक सकाळी पाच लिटर देते, तर आठवड्याला किती, म्हणाले. पोरांनी उत्तर देऊन उलट विचारलं, दुसरी का देत नाय? साहेब म्हणाले, गाभण आहे. दिपा नावाच्या पोरीने ती कधी विणार ते विचारून दिवस मोजून दिले. तास झाला तरी माणूस उठेना. शेवटी त्यांनी शेरेबुक मागवलं आणि आम्हा दोघांच्या देखत लिहिलं: 'मुले निर्भीडपणे बोलतात. हिशेब पक्के. शाळा आहे तिथेच चालू राहणे आवश्यक.' खाली सही, तारीख.

निशा मॅडम बाहेर गेल्या आणि रुळाच्या तुकड्याजवळ जाऊन ढसाढसा रडल्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि मीही रडलो. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "गुरुजी, हा मुठ्यांचा पाठ फर्स्टक्लास. सगळ्या शाळांना पाठवून द्या. जसाच्या तसा."

"नाही साहेब," मी म्हटलं. साहेबांपुढे बोलणं दुसऱ्यांदा मला सोपं गेलं. "नुसतं पिवळं पाठवतो."

संध्याकाळी घरी पोचलो तर सोफ्यावर कमलाकरराव. सकाळी जीप मला न्यायला सोसायटीच्या फाटकात थांबलेली त्यांनी पाहिली होती. साहेबी गाडीतून फिरणाऱ्या माणसाशी फार काळ अबोला धरणं त्यांच्या एकतीस वर्षांच्या शिस्तीत बसत नसावं.

"मला माफ करा," मी सरळ म्हटलं. "तुमचं नाव आता काढतोय. सगळीकडून."

"लेखी?"

"हे बघा." मी वाडीहून सोबत आणलेला हाताने लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने वर पाहिलं. जावक क्रमांक नव्हता. मग खाली पाहिलं.

किशोरीनेही वाकून खाली पाहिलं. "अहो, यावर तुमचं नाव कुठाय?"

नव्हतं. तळाला मुलांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निर्मिती : शुक्री, काळू, अंकुश, दिपा आणि आमी सगळी.' तालुकाभर माझ्या नावाच्या हजारो प्रती फिरत होत्या आणि एकही माझ्या सांगण्याप्रमाणे केलेली नव्हती. ही एक होती. सकाळी वर्गात तळाची ओळ पाहिली तेव्हा जरा लागलं होतं, खोटं कशाला बोलू. आता मी तो कागद कोणाला दाखवू आणि कोणाला नको, असं झालं होतं.

कमलाकरराव अजून कागद धरून बसले होते. वर काही नाही, खाली काही ओळखीचं नाही, तेव्हा त्यांचे डोळे हळूहळू मधल्या मजकुरावर आले. ते वाचत होते. ओठ हलत होते. बोटांवर काहीतरी मोजत होते.

"सत्तर," ते म्हणाले. "सत्तर वजा दोन. अडुसष्ट?"

"अडुसष्ट," मी म्हटलं.

"पोतनीस, बरोबर आहे हो!" ते म्हणाले आणि चष्मा पुसून दुसऱ्या उदाहरणाकडे वळले. किशोरी चहा टाकायला आत गेली.